तिपाई कोणी उचलायची?

शाळा,
दि. ११ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून मनातलं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. परवा मी घसा फोडून सांगत होते की शाळेचं छत दुरुस्त झालं, आणि तू विचारत होतीस की कोणाचं लग्न झालं. शेजारच्या वर्गातली मुलं हसून लोळली. तेव्हा यापुढे कागदच बरा.

तुझा सूचनांचा जाडजूड लिफाफा पोचला. फळा पुसायचं फडकं ओलं करू नये, हेसुद्धा त्यात आहे. आत्या, मी इथे आज आले का गं? तू जोडे हातात घेऊन पहिल्यांदा वर्गावर गेलीस तेव्हा मी त्या वर्गात दात पडलेली विद्यार्थिनी होते.

शाळा माझ्या हाती देऊन तू गाव सोडून गेलीस ती माझ्यासाठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जाताना म्हणालीस की तू फाटकासमोर राहिलीस तर सगळे आधी तुझ्याकडे येतील आणि मग माझ्याकडे. बरोबरच होतं. फक्त आता ते कोणाकडेच येत नाहीत. मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की बोलणं थांबतं. माझी नक्कल माझ्याच तोंडावर करणारी माणसं उठून मला खुर्ची देतात. तुझे पेटीमास्तर तर प्रत्येक वाक्य ‘ताई असत्या तर’ असं सुरू करतात. जणू तू वारलीस! काल मी त्यांना म्हटलं की ताई आहेत, रोज फिरायला जातात, साखर वर्ज्य आहे, बाकी उत्तम. त्यांनी पेटीचा भाता दाबला आणि एक लांब सूर काढला. तेवढंच उत्तर.

आता खरं कारण लिहिते. आपली टोपी आठवते ना? लोकरीची टोपी उन्हातसुद्धा न काढणारी. आता अकरा वर्षांची झाली. तिची आई परवा आली होती, दवाखान्यातून तशीच, नर्सच्या गणवेशात. तिला अचानक दुपारचीही पाळी करावी लागली, म्हणून, एवढं तरी मुलीला वाचता येईल असं धरून, तिने दाराच्या कडीला चिठ्ठी अडकवली होती की किल्ली कुंडीखाली आहे, जेवण झाकून ठेवलंय. टोपी शाळेतून गेली, चिठ्ठी हातात घेतली आणि जिन्यावर बसून राहिली. आई परत येईपर्यंत. शेजारीण दोनदा समोरून गेली, तिलाही विचारलं नाही. चिठ्ठी घामाने लगदा झाली होती.

मी आईला आपली रीत समजावली. मूल स्वतः तिपाई उचलून शिक्षकाशेजारी आणून ठेवत नाही, तोवर आपण त्याला वाचायला शिकवत नाही. ज्याला हवं असतं तो आणतोच. कोणी सहाव्या वर्षी आणतो, कोणी नवव्या. बाई ऐकून घेत होत्या. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं की तुम्ही तिची वाट बघताय, पण ती कशाची वाट बघतेय ते कोणी पाहिलंय का. वर्ष संपेपर्यंत त्या थांबतील. मग तिला दुसऱ्या शाळेत घालतील, आणि तिथे ती पहिलीच्या मुलांबरोबर बसेल, टोपी घालून, गुडघे बाकावर आपटत.

काय करू, लिही. साखर खरंच सोडलीस का तेही लिही.

लोभ आहेच, तो कागदावर उतरवत जा.
तुझी
मुंगी


वरची खोली,
दि. १९ ऑगस्ट

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. साखर सोडली आहे. गुळाबद्दल तू विचारलेलं नाहीस, तेव्हा मी सांगत नाही.

इथलं ठीक आहे. खाली छापखाना आहे, सकाळपासून यंत्राची धडधड सुरू असते आणि माझा पलंग तिच्या तालावर हलतो. आधी वैताग यायचा. आता सुट्टीच्या दिवशी ती थांबली की कपाळावरून कोणीतरी हात काढून घेतल्यासारखं वाटतं. घरमालकीण डॉक्टरीणबाई लेकीकडे गेल्यात, त्यामुळे जिन्यात भेटायलाही कोणी नाही. समोरच्या शिंप्याला मी उगीच एक झंपर दोनदा उसवायला दिला. तो आता मला पाहिलं की दुकानाच्या आत जातो.

तुझी काळजी वाचली. ऐक. असली चिठ्ठी प्रत्येक मुलाच्या आयुष्यात एकदा येते. कधी चिठ्ठी असते, कधी दुकानाची पाटी, कधी खेळाचे नियम. ती आली की तिपाई हलते. तुझ्या वर्गातला तो लांबट मुलगा आठव, जो आता पुलांचे नकाशे काढतो. त्याने बाराव्या वर्षी तिपाई आणली होती. त्याच्या वडिलांनी मला काय काय ऐकवलं ते मी कोणाला सांगितलेलं नाही. मी थांबले. त्या वर्षीच्या हिवाळ्यात तो आला, तिपाई आपटली आणि म्हणाला की आता शिकवा लवकर. पुढे आठवडाभरात त्याने पुस्तकांची कपाटं रिकामी केली.

टोपी तर माझी सगळ्यात पक्की मुलगी. बाहेरचे लोक शाळा बघायला यायचे, तेव्हा मी तिच्या टोपीवर हात ठेवून सांगायची की ही बघा, हिला घाई नाही. पाहुण्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. तिच्यासारखं मूल घाबरवून बिघडवू नकोस.

आणि एक लक्षात ठेव. ज्या दिवशी शिक्षक तिपाई उचलून मुलाकडे जाईल, त्या दिवशी आपली शाळा चार शाळांसारखी होईल. मग घंटा लाव, गणवेश आण, मला काय. मुख्य झाल्यावर पहिली परीक्षा हीच असते, आई-बाप दारात उभे असताना हात बांधून बसायची. मलाही जड गेलं होतं. तुलाही जाईल.

पेटीमास्तरांना माझा नमस्कार. त्यांना म्हणावं, मी असते तरी त्यांचं ऐकलं नसतं.

माया आहे तशीच आहे, कमी जास्त वाटली तर पोस्टाचा दोष.
तुझी
आत्या


शाळा,
दि. २ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते, तू सावकाश वाच.

तू म्हणालीस तशी मी हात बांधून बसले. फक्त टोपीवर लक्ष ठेवलं. चित्रांच्या तासानंतर ती कुंचले धुवायला मागच्या नळावर जाते, नेहमी एकटी. गेल्या आठवड्यात मीही गेले, माझे रंगलेले हात घेऊन. ती नळाखालच्या ओल्या फरशीवर बोटाने काहीतरी काढत होती. मला पाहिलं आणि तळव्याने पुसून टाकलं. पण बोटाला रंग होता, पुसलेलंही दिसत होतं. ते ‘ट’ होतं, आत्या. शेजारी ‘प’.

मी कुंचले धुवायला लागले. बऱ्याच वेळाने तिने विचारलं की तुम्ही हे ताईंना सांगणार का. मी म्हटलं, सांगण्यासारखं काय आहे त्यात? मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिला गेल्या वर्षीपासून वाचायचंय. थोडी अक्षरं औषधांच्या बाटल्यांवरून जमवली आहेत. कोणी आलं की ती बाटली फिरवून ठेवते. मी विचारलं, मग तिपाई का नाही आणलीस? ती म्हणाली, ताई सगळ्या पाहुण्यांना सांगतात ना, हिला घाई नाही. मी तिपाई आणली तर ताई खोट्या पडतील.

आपल्या शाळेत, जिथे कोणी कोणाला रागावत नाही, जिथे कोणतंही मूल कशालाही नको म्हणू शकतं, तिथे एक मुलगी चोरून अक्षरं गिरवते आहे. दुसऱ्या शाळांत मुलं न शिकलेलं लपवतात. आपल्याकडे शिकलेलं लपवायची वेळ आली.

मी तिला सांगून पाहिलं की ताईंना काही वाटणार नाही. ती माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली, की मुंगीताई, तुम्हाला काय माहीत! आणि खरंच, तिच्या लेखी मी कोण? शाळा अजून तुझी आहे.

म्हणून मागते आहे. ये. एका दिवसासाठी ये, आणि तुझ्या तोंडाने तिला सांग. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि पत्र पाठवलंस तर ते मलाच तिला वाचून दाखवावं लागेल, म्हणजे पुन्हा ते माझंच बोलणं होईल. गाडीचं तिकीट मी काढते. स्टेशनवर घ्यायला येते. पायऱ्या चढायच्या नसतील तर शुक्रवारची सभा फाटकाजवळ भरवू.

माझा डबा हल्ली सुतारकामाच्या खोलीत उघडतो. तिथे निदान भुसा पडल्याचा आवाज असतो.

ये गं. एवढं ऐक.
तुझी
मुंगी


वरची खोली,
दि. ९ सप्टेंबर

चि. मुंगीस,
अ. आ.

पत्र पोचलं.

मी येणार नाही. तब्येत ठीक आहे, तो प्रश्न नाही. मी फाटकातून आत आले की पेटीमास्तर पेटी सोडून धावतील, मुलं गळ्यात पडतील, शिक्षक आपापली गाऱ्हाणी काढतील, आणि तू पुन्हा माझी भाची होशील. मे महिन्यात मी जे उचलून बाजूला ठेवलं ते एका दिवसासाठी परत हातात घेता येत नाही. मला तरी येणार नाही. मी स्वतःला ओळखते.

टोपीने जे सांगितलं ते खरं असेल. मुलं समोरच्याला हवं तेही सांगतात, हेही खरं आहे. तुला काय हवं होतं, ते तू बघ.

शाळा बदलायची असेल तर बदल. पण माझ्या हातून बदलून घेऊ नकोस.

हे तिखट झालं आहे. पुन्हा लिहायला बसले तर आणखी होईल, म्हणून असंच टाकते.

ममत्व धरून राहा.
आत्या


शाळा,
दि. २८ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही. रुसले होते, हे खरं. पण पुढे लिहिण्यासारखं काही केल्याशिवाय लिहायचं नाही असंही ठरवलं होतं.

गेल्या महिन्यात शुक्रवारच्या सभेत मी उभी राहिले आणि सांगितलं की आजपासून तिपाई शिक्षकही उचलतील. मुलाने हवं तर पाठ फिरवावी, नको म्हणावं, शिक्षकाने तिथे बसून राहावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं. आता मुख्य गोष्ट. मी मत घेतलं नाही. तुझ्या शाळेत, जिथे सहा वर्षांच्या पोराचं आणि मुख्याध्यापिकेचं मत सारखं, तिथे मी मत न घेता सांगितलं. घेतलं असतं तर हरले असते. शिक्षक विरुद्ध गेले असते आणि टोपीने स्वतःच विरुद्ध हात वर केला असता, तुझ्यासाठी. मधल्या गटातल्या एका चष्मेवालीने विचारलं की मत का नाही. मी म्हटलं, कारण हे चुकलं तर दोष माझा असणार आहे, तुमचा नाही. तिला ते पटलं नाही. मलाही धड पटलेलं नाही. पण केलं.

पेटीमास्तर उठले. विचारलं, ताईंना विचारलंत का. मी म्हटलं, विचारलं, आणि त्या येणार नाहीत. ते म्हणाले, म्हणजे त्यांना हे मान्य नाही. मी म्हटलं, नाही. त्यांनी पेटी बंद केली, वर रुमाल घातला आणि गेले. त्या दिवसापासून रजेवर आहेत. गाण्याच्या तासाला मुलं आपापली गातात. ऐकवत नाही.

सभा संपल्यावर मी तिपाई उचलली आणि टोपीपाशी नेली. सगळ्यांसमोर नाही, मागच्या व्हरांड्यात. पहिल्या दिवशी तिने पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशीही. मी बसून माझ्या फाटलेल्या पिशवीला टाके घालत राहिले. पुढे एकदा ती न वळताच म्हणाली की तुमचा टाका तिरका जातोय. मग वळली.

आता ती वाचते. बोट ठेवून, टोपी भुवयांपर्यंत ओढून, आणि व्हरांड्यात दुसरं कोणी नसेल तरच. जोडाक्षर आलं की अडते आणि माझ्यावर चिडते, जणू ते मी तिथे ठेवलंय. आईने परवा मुद्दाम चिठ्ठी लिहून ठेवली होती, ‘भात गरम कर’. टोपीने भात गरम केला. आईंनी दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून शाळेत फोन करून मला हे दोनदा सांगितलं. तरी वर्षअखेरीचं त्यांनी अजून काही कबूल केलेलं नाही. विचारायचं धाडस मलाही झालेलं नाही.

आणि तरीही, एखादी ओळ नीट जमली की ती वाचायची थांबते आणि फाटकाकडे बघते. कालच विचारलं, ताईंना कळलंय का. मी म्हटलं, मी त्यांच्यापासून काही लपवत नाही, मला लिहावंच लागेल. तिने टोपी काढली, पुन्हा घातली. आणि म्हणाली, मग असं लिहा की ती सावकाश शिकतेय.

म्हणून लिहिते. ती सावकाश शिकते आहे.

शिक्षकांच्या खोलीत मी आता चहा घ्यायला जात नाही, मी असले की ते उभेच राहतात आणि त्यांचा चहा गार होतो. माझं बरोबर की चूक, हे मी या वेळी विचारत नाही. फक्त सांगायला दुसरं कोणी नाही.

रागावलेली असशील तर तशीच लिही, पण लिही.
तुझी
मुंगी


वरची खोली,
दि. २० नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. कितीदा बसले आणि उठले. फिरायला गेले. शिंप्याशी भांडले. तो बिचारा म्हणाला की बाई, तुम्ही आज कपडा न घेताच आलात.

तुझ्या पत्राच्या आधी पेटीमास्तरांचं आलं होतं. तुमची भाची शाळा मोडते आहे, तुम्ही या, असं. मी त्यांना उत्तर टाकलं की शाळेबद्दल काही म्हणायचं असेल तर मुख्याध्यापिकेशी बोलावं. एवढंच. ते पुन्हा मला लिहितील असं वाटत नाही. गाडीखान्यात शाळा भरायची तेव्हापासूनचा माणूस. माझ्या वयाचं, मला ‘अगं’ म्हणणारं, तेच एक उरलं होतं. पण तुझ्याकडे धाडलं आहे, कदाचित येतील. आले तर तेवढा मान दे, आणि पेटीवरचा रुमाल त्यांनाच काढू दे.

तू मत घेतलं नाहीस हे चूक केलंस. हे मी मागे घेणार नाही. आणि तुला असं पुन्हा करावं लागेल, हेही सांगून ठेवते. दर वेळी ते आजच्याइतकंच टोचायला हवं. टोचेनासं झालं की जागा सोड.

टोपीबद्दल तुझं सप्टेंबरातलं पत्र वाचलं तेव्हा मी तुझ्यावर चिडले, तिच्या आईवर चिडले, त्या औषधाच्या बाटल्यांवरसुद्धा चिडले. परवा सुट्टी होती, यंत्र बंद होतं. शांततेत मला आठवायला लागलं की मी तिच्या टोपीवर हात ठेवायची तेव्हा ती कशी उभी राहायची. अगदी ताठ. मला ते ताठ उभं राहणं अभिमानाचं वाटायचं. मूल ओझं डोक्यावर घेऊनही असंच उभं राहतं.

डब्याचं लिहिलंस म्हणून सांगते. मी फाटकाजवळ बसून जेवायची त्याला मोकळेपणा म्हणून लोकांनी लेखसुद्धा लिहिले. मला शिक्षकांच्या खोलीत कोणी जागा करून देत नसे, एवढंच होतं ते. ती एकटेपणाची जागा माणसाची नसते गं, त्या पदाची असते. तिथे तुझ्याशेजारी बसू शकेल असं एकच माणूस आहे, आणि तिने लांब राहायचं ठरवलं आहे. ते मी बदलणार नाही. तूही बोलवू नकोस, नाहीतर येईन.

सोबत आणखी एक बंद पाकीट आहे. ते टोपीला दे. तू उघडू नकोस, वाचून दाखवू नकोस, कुठे अडली तर सांग, पण मागितलं तरच... बघ, पुन्हा तेच. तुला योग्य वाटेल तसं कर. जोडाक्षर एकही येऊ दिलेलं नाही. जन्मभर मुलांना शिकवलं, पण इतकं साधं लिहायला मला किती कागद लागले ते विचारू नकोस. मोठमोठे शब्द बाजूला काढले की माझ्याकडे सांगायला फार थोडं उरतं, असं दिसलं.

पुढच्या पत्रात शाळेचं कमी लिही. तू जेवतेस काय, झोपतेस किती, केस विंचरतेस का, ते लिही.

जवळ नसले तरी तुझीच,
आत्या


चि. टोपीस,
खूप माया.

मी ताई. हा कागद तुझा आहे. आधी तू वाच. मग हवा तर आईला दाखव.

आज नाही जमला तर नंतर वाच. नाही, थांब. नंतर नको. आजच वाच. एक ओळ वाच, मग दुसरी वाच.

तू सावकाश शिकतेस असं मला कळलं. ते खरं नाही, हेही कळलं. तू भरभर शिकतेस. मला राग आला नाही. मी खोटी पडले, पण पडले तरी मला काही लागलं नाही. उठले, चहा केला, बसले.

पाहुणे आता मुंगीताईकडे येतील. तू उभी राहू नकोस. तू खेळायला जा.

इथे माझं घर लहान आहे. एक खिडकी, एक पलंग, एक मी. शाळेत मी सगळा दिवस बोलायचे. आता कधी कधी सकाळी बोलते आणि मग एकदम झोपतानाच आठवतं, की मधे आपण बोललोच नाही.

तू मला लिही. काय खाऊ मिळाला, कोण पडलं, कोण रडलं, काहीही लिही. चुकलं तरी चालेल. दोन ओळी चालतील. पण लवकर लिही.

तुझी
ताई